दिवाळीची रोषणाई: घराबाहेर माळा आणि आकाशकंदील लावण्याची पहिल्यापासून शेवटपर्यंतची रीत

नव्या घरातली पहिली दिवाळी आली की बहुतेक जण आधी बाजारात जातात, पिशवीभर माळा घेऊन येतात आणि गॅलरीत उभं राहून विचार करतात, "आता पिन कुठे लावायची?" मी बरीच वर्षं आमच्या घराची आणि आळीतल्या काही घरांची रोषणाई करतो आहे. नव्याने हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: रोषणाई सॉकेटपासून सुरू करा. वीज कुठून येणार, पाण्यापासून कशी लांब राहणार आणि वाटेत लोखंडाला कुठे टेकणार, हे आधी ठरवा. एवढं ठरलं की पुढची सजावट निवांत करता येते.

हा लेख फ्लॅटची गॅलरी, चाळीतली खोली, बैठं घर आणि रो-हाउस यांच्यासाठी आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर दोरीला लटकून करायचं काम यात नाही. ते काम, पट्टा आणि दोर वापरायची सवय असलेल्या माणसांवरच सोपवा.

वेळेचं गणितही आधीच मांडून ठेवा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. खरेदी निदान दोन आठवडे आधी करा, म्हणजे खराब निघालेली माळ बदलून मिळते. घराची साफसफाई आणि धुणं-पुसणं आटोपल्यावरच माळा बांधा. बांधलेल्या माळेखालची गॅलरी पाइपने धुणं धोक्याचं आहे. आणि आपल्याकडे दिवाळी ऑक्टोबरात आली काय किंवा नोव्हेंबरात, संध्याकाळी ढग जमून एखादी सर येतेच. बाहेरची प्रत्येक जोडणी पावसात भिजणार आहे, असं धरूनच काम करा.

१. घराची वीज तपासा

मेन बोर्ड उघडा. एमसीबींच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचांच्या, रांगेत एक जरा रुंद स्विच दिसेल. त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. त्यावर ३० एमए, म्हणजे ३० मिलिअँपिअर, असं छापलेलं आहे का ते पाहा आणि टेस्टचं बटण दाबा. स्विच खाडकन पडला पाहिजे. पडला नाही तर तो निकामी आहे. दिवाळीआधी बदलून घ्या. बोर्डात आरसीसीबी नसेलच, तर यंदा माळा कमी घ्या पण परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घ्या. रोषणाईवरचा सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

याबद्दल एवढा आग्रह का, तेही सांगतो. "आमच्याकडे एमसीबी आहेत, काही झालं तर पडतील," असं पुष्कळ जण म्हणतात. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरहून थोडा जास्त प्रवाह काही क्षण गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. एमसीबी आहे तो वायर जळू नये म्हणून, आरसीसीबी आहे तो माणूस वाचावा म्हणून. माळांच्या पिना दोनच काट्यांच्या असतात, त्यांना अर्थिंग नसतं. त्यामुळे बाहेर माळेची वायर सोलून ग्रिलला टेकली, तर ग्रिलला हात लावणाऱ्याचं रक्षण हा एक स्विचच करतो. त्यालाही मर्यादा आहे. फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) दोन्ही तारा एकाच वेळी हातात आल्या तर त्याला काही कळत नाही. म्हणून तो असला तरी उघड्या तारेला हात लावायचा नाही.

दुसरी तपासणी सॉकेटची. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले बऱ्याचदा आढळतात. अशा ठिकाणी बटण बंद केलं तरी माळेत वीज राहते. त्यात दोन काट्यांची पिन कशीही उलटसुलट बसते. तेव्हा माळेला हात लावण्याआधी बटण बंद करून थांबू नका, पिन काढून घ्या. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, हे आजच सांगा.

२. माप घ्या, कागदावर काढा

समोर रस्त्यावर जाऊन घराचा फोटो काढा. त्यावर किंवा साध्या कागदावर सॉकेट, ग्रिल, दार, तुळस, पाण्याचे नळ आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा यांच्या खुणा करा. मग सुतळीचा गुंडा घ्या आणि जिथून माळ न्यायची त्या वाटेवर सुतळी लावून पाहा. कोपऱ्यावरची वळणं, ग्रिलच्या नक्षीतले वळसे हे टेपने नीट मोजता येत नाहीत, सुतळीने येतात. नंतर ती सुतळी जमिनीवर सरळ करून मोजा. माळ थोडी सैल राहावी म्हणून दहा मीटरमागे एक मीटर जास्त धरा.

पिनेपासून पहिल्या दिव्यापर्यंतची मोकळी वायर वेगळी मोजा. डब्यावर लिहिलेल्या दहा मीटरमध्ये ही कोरी वायरही धरलेली असू शकते. दुकानदाराला "दिवे किती मीटरवर आहेत?" असं विचारा.

झाडाला माळ गुंडाळायची असेल तर बुंध्याचा घेर मोजा आणि किती फेरे होतील ते काढा. दोन फुटांचा घेर, फेऱ्यांमध्ये चार इंच अंतर आणि सहा फूट उंची म्हटली तर अठरा फेरे, म्हणजे छत्तीस फूट, अकरा मीटर. झाडाला माळ पुरत नाही अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक घरी ऐकतो, कारण हा हिशेब कोणी करतच नाही.

३. काय घ्यायचं आणि काय नाही

मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तापकीर गल्ली ही विजेच्या सामानाची जुनी ठिकाणं. कंदिलांसाठी माहीमची कंदील गल्ली आहेच. कुठूनही घ्या, पण माळ हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका. वायर दोन बोटांत चिमटून पाहा. आवरण नखाने सोलतंय किंवा तांब्याच्या तारा बाहेरून दिसताहेत, तर ती माळ परत ठेवा. डब्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर या अॅपवर तो क्रमांक टाकून खरा आहे की नाही ते दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं.

माळांचे प्रकार दिसायला सारखे, पण वागायला फार वेगळे.

*थेट २३० व्होल्टची एलईडी माळ.* सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणारी. तिच्या पिनेजवळ छोटा डबा असतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर आहे, वीज कमी करतो, असा मोठा गैरसमज आहे. बहुतेक माळांमध्ये तो फक्त उघडझाप करतो. पुढे वायरीत घरातली सगळी वीज तशीच जाते. यातले दिवे लहान आणि थंड असले तरी तुटलेल्या तारेचा झटका सॉकेटच्या झटक्याइतकाच असतो. अशी माळ उंच, हाताबाहेर आणि लोखंडापासून दूर लावा.

*अॅडाप्टरवरची माळ किंवा पट्टी.* अॅडाप्टरवर 'आउटपुट' या शब्दापुढे १२ किंवा २४ व्होल्ट लिहिलेलं असतं. रेलिंग, दरवाजाची चौकट, मुलांचा हात पोचेल अशी जागा, या सगळ्यांसाठी मी हीच सुचवतो. पट्टी घेताना अॅडाप्टरचा हिशेब करा. मीटरला ४.८ वॅटची पाच मीटर पट्टी म्हणजे २४ वॅट. १२ व्होल्टवर तिला दोन अँपिअर लागतात, म्हणून अॅडाप्टर तीन अँपिअरचा घ्या. १२ व्होल्टच्या पाच मीटर पट्टीच्या शेपटाला दुसरी पट्टी जोडू नका. पुढचे दिवे मंद होत जातात. दुसऱ्या पट्टीला थेट अॅडाप्टरकडून वेगळी वायर द्या. पट्टी कापायची तर कात्रीची खूण असलेल्या जागीच कापा.

*बॅटरीवरच्या किंवा यूएसबीच्या तांब्याच्या बारीक तारा.* तुळस, कुंडी, रांगोळीभोवतीची जागा, काचेची बरणी यांना उत्तम. यात झटक्याची भीती नाही. पण पॉवर बँकेवर लावणार असाल तर आधी घरात तासभर लावून पाहा. इतका कमी प्रवाह घेणारी वस्तू असली की पुष्कळ पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

बाहेरच्या प्रत्येक वस्तूवर आयपीचा, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती रक्षण आहे ते सांगणारा, आकडा पाहा. त्यातला दुसरा अंक पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच रक्षण नाही, घरातच वापरा. आयपी ४४ ला शिंतोडे चालतात, तेव्हा छज्जाखालच्या गॅलरीला तो पुरे. उघड्यावर आयपी ६५ घ्या. आणखी एक: पट्टी आयपी ६५ असली तरी तिचा अॅडाप्टर बहुधा तसा नसतो. अॅडाप्टर घरात राहील अशीच मांडणी करा.

परदेशातून कोणी माळा आणल्या असतील तर डब्यावरचे व्होल्ट वाचा. अमेरिकेतली १२० व्होल्टची माळ आपल्या सॉकेटात लावली की जळते. तिकडच्या मराठी घरांत उलटी अडचण येते: इथून नेलेली २३० व्होल्टची माळ तिथे पेटत नाही किंवा अगदी मिणमिणते.

बिलाची काळजी करू नका. पाच वॅटच्या दहा माळा रोज पाच तास, सहा दिवस लावल्या तर एकूण दीड युनिट होतं.

माळांखेरीज लागणारं सामान:

- टेस्टर, कटर, चांगली इन्सुलेशन टेप (सेलोटेप नव्हे)
- प्लास्टिकचे केबल टाय, सुतळी, वायरच्या क्लिपा, चिकटणारे हूक
- तीन पिनांचा, आयएसआय खुणेचा एक्स्टेंशन बोर्ड
- झाकणाचे एक-दोन प्लास्टिकचे डबे
- कंदिलासाठी नायलॉनची दोरी, छतातला हूक आणि छोटी कप्पी
- घोडा शिडी, रबरी तळाच्या कोरड्या चपला, आणि शिडी धरायला एक माणूस

४. वर चढण्याआधी जमिनीवर तपासा

सगळ्या माळा घरात कोरड्या फरशीवर पसरा. पिन लावण्यापूर्वी वायर बोटांखालून सरकवत पूर्ण पाहून घ्या: चिरलेली, उंदराने कुरतडलेली, पिळून काळी पडलेली जागा आहे का? मग पिन लावा आणि निदान अर्धा तास चालू ठेवा. पिन किंवा डबा हाताला चटका बसेल इतका तापला तर ती माळ बाद करा.

माळेचा एखादा तुकडाच पेटत नसेल तर त्या तुकड्यातल्या एका दिव्याचा सांधा सुटलेला असतो, कारण दिवे एकामागे एक जोडलेले असतात. तो शोधून दुरुस्त करता येत असेल तर करा. पण काही दिवे कापून माळ आखूड करायचा प्रकार करू नका. कापलेल्या दिव्यांच्या वाट्याचं व्होल्टेज उरलेल्यांवर पडतं, ते तापतात आणि एकामागून एक जातात.

सांधा करावाच लागला तर दोन्ही तारांचे सांधे एकमेकांसमोर येऊ देऊ नका, दोन इंच मागेपुढे ठेवा. प्रत्येकावर वेगळी टेप गुंडाळा, मग दोघांवर मिळून एक थर. आणि असा सांधा असलेली माळ घरात किंवा पावसापासून आडोशालाच लावा.

५. वीज बाहेर न्या

गॅलरीत सॉकेट असेल तर सोपं आहे. नसेल तर घरातल्या सॉकेटापासून एकच चांगली वायर बाहेर न्या. तीन गाभ्यांची, एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर रोषणाईला भरपूर होते. ही वायर दाराच्या फटीतून किंवा सरकत्या खिडकीच्या पट्टीखालून नेऊ नका. दार दिवसातून पन्नास वेळा लागतं आणि आवरण तिथेच चेचलं जातं. एसीच्या पाइपसाठी ठेवलेलं भोक किंवा खिडकीच्या जाळीचा कोपरा बरा.

प्लग नसलेल्या वायरीची टोकं सॉकेटात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकणं ही आपल्याकडे घरोघर दिसणारी गोष्ट आहे. कृपा करून हे कधीच करू नका. काडी सैल होते, तार निसटते, ठिणगी पडते, आणि लोंबणारी उघडी तार मुलाच्या उंचीवर असते. प्लग अगदी स्वस्तात मिळतो.

एकात एक पिना अडकवून पाच-सहा माळांची रांग करू नका. पहिल्या माळेची बारीक वायर पुढच्या सगळ्यांचं ओझं वाहते आणि प्रत्येक जोड ही पाणी शिरायची जागा ठरते. डब्यावर किती माळा जोडता येतील हे लिहिलेलं नसेल तर दोनच्या पुढे जाऊ नका. त्याऐवजी बोर्डावरून प्रत्येक माळेला वेगळी पिन द्या.

बाहेर बोर्ड ठेवावाच लागला तर तो जमिनीपासून निदान दोन फूट वर टांगा. जोडांना झाकणाचा डबा चालतो. वायरी तळाकडून आत घ्या आणि तळाला एक बारीक भोक ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जाईल. अॅडाप्टर मात्र पिशवीत गच्च बांधू नका, त्याला हवा लागते.

आणि भिंतीत शिरण्याआधी किंवा जोडाकडे जाण्याआधी प्रत्येक वायर थोडी खाली लोंबू द्या, मग वर वळवा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि त्या खालच्या वळणावरून टपकून जातं. हे वळण नसेल तर तेच पाणी सरळ सॉकेटात जातं.

६. शिडी, छप्पर आणि बाहेरच्या तारा

शिडी भिंतीला टेकवायची असेल तर दर चार फूट उंचीला तळ एक फूट बाहेर ठेवा. बारा फुटांवर टेकवली तर तळ तीन फूट बाहेर. शिडीच्या सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहू नका. हात पोचत नसेल तर खाली उतरून शिडी सरकवा. खुर्चीवर स्टूल ठेवून गॅलरीच्या कठड्याशी उभं राहणं तर विचारातही आणू नका.

कौलांवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. पत्रा वरून धडधाकट दिसतो, पण जुना झाला की माणसाच्या वजनाने फुटतो. अशा घराला वळचणीच्या कडेने, खालूनच माळ लावा.

घराजवळून विजेची लाइन जात असेल तर तिथे काम करायला अॅल्युमिनियमची शिडी, ओला बांबू किंवा लोखंडी पाइप नेऊ नका. घर आणि लाइन यांच्यात ११ केव्हीपर्यंतच्या (११,००० व्होल्टपर्यंतच्या) तारांसाठी बाजूने १.२ मीटर अंतर लागतं असं नियम सांगतात, पण ते अंतर इमारतीसाठी आहे. हातात लांब वस्तू घेऊन काम करताना त्याच्या कितीतरी लांब राहा. माळेचं टोक फेकून झाडावर किंवा पलीकडच्या खांबावर अडकवू नका. वीज कंपनीच्या खांबाला तर काहीच बांधू नका. लाइन घराला अगदी खेटून असेल किंवा तार लोंबत असेल तर १९१२ वर तक्रार द्या आणि ती बाजू यंदा मोकळी सोडा.

सोसायटीत राहत असाल तर सचिवांना आधी कळवा. जिन्यातून वायर नेऊ नका, जिन्याच्या मीटरवरून वीज घेऊ नका, आणि आग विझवण्याच्या नळांची कपाटं माळांनी बांधून टाकू नका.

७. माळा बांधा

लोखंडी ग्रिल हा फ्लॅटमधला सगळ्यात मोठा धोका आहे, कारण माळ तिथेच लावली जाते आणि घरातला प्रत्येक जण तिथेच हात ठेवून उभा राहतो. थेट २३० व्होल्टची माळ ग्रिलच्या गजांभोवती गुंडाळू नका. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला दोन सुतळ्या ताणून बांधा आणि माळ त्या सुतळ्यांवर सोडा. अॅडाप्टरवरची कमी व्होल्टची माळ असेल तर गजांवर गुंडाळायला हरकत नाही. ग्रिलच्या कडा धारदार असतील तर तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चिरून चढवा.

बांधायला लोखंडी तार, खिळे, स्टेपलर नको. केबल टायसुद्धा वायर दबेल इतका करकचून ओढू नका, खाली करंगळी सरकली पाहिजे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल तर चिकटणारे हूक वापरा. टाइल, काच आणि ऑइल पेंटवर ते छान बसतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर रंगासकट सुटून येतात, तिथे खिडकीच्या चौकटीचा आधार घ्या. हूक लावायची जागा आधी पुसून पूर्ण सुकू द्या.

बांधताना पिन लावलेली नको. पूर्ण माळ बांधून, खाली उतरून, मग पिन.

८. आकाशकंदील

कंदील हा रोषणाईचा मुख्य मानकरी, म्हणून त्याला थोडा जास्त वेळ द्या.

कंदिलाचं वजन वायरीवर कधीच येऊ देऊ नका. होल्डरच्या वायरीवर कंदील लोंबत ठेवला की चार दिवस वाऱ्याने हलून होल्डरमधले स्क्रू सैल होतात, तार सुटते, आणि आत कागद असतो. वजन दोरीने पेला, वायर दोरीपेक्षा सैल ठेवा आणि दोरीला दोन-तीन ठिकाणी बांधा. होल्डरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून वायरीला वर सांगितलेलं खालचं वळण इथेही द्या.

आत बल्ब एलईडीचाच, मध्यम कंदिलाला तीन ते पाच वॅटचा. जुना ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब कागदी कंदिलात लावू नका. घोटीव कागद, जिलेटिन आणि कामट्या त्याच्या उष्णतेने आधी करपतात, मग पेटतात. एलईडीलाही कागदापासून चार बोटं अंतर द्या. प्रकाश पिवळसर हवा असेल तर बल्बवर २७०० किंवा ३००० के लिहिलेलं पाहा. ६५०० के म्हणजे पांढराफटक. त्यात केशरी आणि लाल कागदाचे रंग मरतात.

छताच्या हुकात छोटी कप्पी लावली तर कंदील झेंड्यासारखा खालून वर चढवता येतो. पाऊस आला, बल्ब गेला, झिरमिळ्या गुंतल्या, काही झालं तरी पिन काढायची आणि दोरी सोडायची. शिडी पुन्हा काढावी लागत नाही. घरात वयस्कर माणसं एकटी असतील तर ही कप्पी लावून द्याच. दोरीचं खालचं टोक मुलांच्या हाताबाहेर पक्क्या खुंटीला बांधा. आणि कंदिलाच्या तळाला दोन बारीक दोऱ्या लावून बाजूंना ताणून ठेवल्या की तो वाऱ्यात गरगर फिरत नाही.

घरी कामट्यांचा कंदील करत असाल तर खळीने चिकटवलेला कागद पूर्ण सुकल्यावरच दिवा लावा. वरचं तोंड उघडं ठेवा, उष्णता तिथूनच बाहेर जाते.

९. शोभेचं थोडं

इथे माझी मतं ठाम आहेत. एका घराला एक रंग पुरतो. पिवळसर पांढऱ्या माळा आणि रंगीत कंदील, एवढ्यावर कुठलंही घर देखणं दिसतं. पाच रंगांच्या पाच माळा वेगवेगळ्या वेगाने उघडझाप करायला लागल्या की कंदिलाकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि समोरच्या घरातल्यांना झोप लागत नाही. डब्यावरचं बटण दाबत जा आणि दिवे स्थिर राहतात त्या प्रकारावर ठेवून द्या.

घराची एखादी रेघ निवडा: गॅलरीचा कठडा, वळचण किंवा कमान. ती रेघ पूर्ण उजळा आणि बाकीचं अंधारात राहू द्या. अर्ध्यावर संपलेली माळ वाईट दिसते, त्यापेक्षा कमी जागा घ्या पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्या. पडद्यासारख्या सोडलेल्या माळा भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ठेवल्या तर भिंतीवर त्यांचा उजेड पसरतो. खडबडीत दगडी भिंत किंवा विटांची भिंत असेल तर पट्टी दिसेल अशी न लावता कठड्याच्या आड लपवा. दिवा दिसला नाही, नुसता उजेड दिसला, की भिंत खुलते.

दाराला झेंडूचं तोरण आणि त्यातच गुंफलेली माळ फार सुंदर दिसते, पण फुलं ताजी राहावीत म्हणून आपण त्यावर पाणी शिंपडतो. तेव्हा फुलांत फक्त बॅटरीवरची माळ गुंफा. तुळशी वृंदावनालाही तेच लागू आहे, कारण तिथे रोज सकाळी पाणी घातलं जातं.

आणि पणत्यांसाठी जागा राखा. दाराच्या दोन्ही बाजूंना थोडा काळोख असेल तरच पणतीची ज्योत उठून दिसते.

१०. सणाच्या दिवसांत

नरक चतुर्दशीची पहाट सगळ्यात जपायची. अभ्यंगस्नान करून ओल्या अंगाने, ओल्या पायांनी घरातली माणसं दारात येतात आणि पहिलं काम म्हणजे लायटिंग लावणं. अंगण सारवलेलं असतं, सडा घातलेला असतो. लायटिंगचं बटण घरात, कोरड्या जागी ठेवा आणि अंग पुसून, चपला घालून मगच हात लावा. जमिनीवरून जाणारी एकही वायर सड्याच्या वाटेत नको.

पणत्या वायरीखाली किंवा कंदिलाच्या झिरमिळ्यांखाली ठेवू नका. फटाके उडवण्याच्या वेळी गॅलरीची दारं लावून घ्या. समोरून आलेला बाण कागदी कंदिलात शिरू शकतो. कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवा. वायरीला आग लागली तर आधी मेन बंद करा, पाणी मारू नका.

कोणाला झटका बसून तो चिकटला तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा किंवा पिन ओढा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याचा उपचार येत असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत तो चालू ठेवा. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात दाखवा, कारण हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो.

रात्री झोपताना आणि घराबाहेर पडताना पिना काढा. पाऊस येऊन गेला तर माळा पूर्ण सुकेपर्यंत लावू नका, आणि लावताना आरसीसीबी पडला तर तो पुन्हा पुन्हा वर ढकलत बसू नका. एकेक पिन काढत कोणती माळ बिघडली ते शोधा.

११. उतरवणं आणि ठेवणं

कोणी भाऊबीजेनंतर माळा उतरवतं, कोणी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतं, कोणी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. वसईत आणि गोव्यात तर पुष्कळ दारांवर पुढे नाताळचा ताराही लागतो. किती दिवस ठेवायच्या ते तुमचं घर ठरवेल, पण वर्षभर उन्हात राहू देऊ नका. उन्हाने आवरण कडक होतं, तडकतं, आणि पुढच्या दिवाळीत तीच वायर सोलून निघते.

उतरवताना ओढू नका, टाय कापा. माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळा. कोपरावर आणि अंगठ्यावर करकचून गुंडाळली की दिव्यांच्या मुळाशी तारा तुटतात. पुठ्ठ्यावर लिहा: "गॅलरी, डावीकडून, १० मीटर". बॅटऱ्या काढून ठेवा, नाहीतर त्या गळून डबा खराब करतात. सगळं झाकणाच्या डब्यात, उंदीर पोचणार नाही अशा जागी ठेवा. बिघडलेल्या माळा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या आणि देण्याआधी त्यांच्या पिना कापून टाका, म्हणजे सोललेल्या वायरीची ती माळ उचलून दुसरं कोणी आपल्या दाराला लावणार नाही.